ओटीतले चार दाणे

रडण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, असं मी तीन वर्षांपूर्वीपर्यंत छाती ठोकून सांगत होते. तीस वर्षं आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात काम करते आहे. पहिली दहा वर्षं नायिका, पुढची वीस वर्षं आई. दिवाळी आटोपली, धान कापून बांध्या रिकाम्या झाल्या की आमचा सीझन सुरू होतो आणि होळीपर्यंत मी गावोगाव मुलासाठी रडते, मुलीसाठी रडते, दारुड्या नवऱ्यासाठी रडते. मंडपातली शेवटची बाई डोळ्याला पदर लावत नाही तोवर थांबत नाही. अशा बाईला एक जर्मन बाई येऊन सांगते की तुला रडता येत नाही. आता बोला.

मी लिहिताना जरा पुस्तकी लिहिते. आमच्या नाटकातले संवाद पुस्तकी असतात, तीस वर्षं तेच पाठ करून माझी बोली धुऊन निघाली. राग आला की परत येते. तेवढं सांभाळून घ्या.

तर ही जर्मन बाई. साकोलीला एका लग्नाच्या हॉलमध्ये नटनट्यांसाठी बारा दिवसांचं शिबिर होतं. नागपूरच्या काही नाटकवेड्या लोकांनी तिला बोलावलं होतं. साठीला टेकलेली, उंच, केस पोरासारखे कापलेले आणि सगळे पांढरे. सोबत नागपूरची एक मुलगी, जर्मन शिकलेली, ती दुभाषी. बाईला साकोलीच्या लॉजमध्ये झोप येईना, रस्त्यावरून ट्रक जातात म्हणे. मग मीच म्हटलं, चला माझ्या गावाला, चार किलोमीटर तर आहे. घरी मी एकटीच होते. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. दोघी माझ्याकडे राहिल्या.

खोटं कशाला बोलू, मला ती आवडली. लाखोळीची डाळ आणि भात ती हातानं जेवायची, बोटं चाटायची. सकाळी ओसरीवर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलायला माझ्याबरोबर बसायची आणि आपली कहाणी सांगायची. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी नाटकाच्या शाळेत गेली. मग एकाच थिएटरात सोळा वर्षं, तिकडे नटांना सरकारी नोकरीसारखी नेमणूक असते. आज मोलकरीण, उद्या राणी, परवा पुरुषाचाही पार्ट. मग एका सिनेमात नर्सचं काम मिळालं, सहा वाक्यांचं, आणि सोळा वर्षांत जी ओळख मिळाली नाही ती त्या सहा वाक्यांनी दिली. पुढे आणखी सिनेमे, टीव्हीवर खुनाच्या मालिका. त्यात ती नेहमी ज्याचा खून झाला त्याची आई. मी म्हटलं, म्हणजे आपण दोघी सारख्याच. दुभाषी मुलीनं सांगितल्यावर ती इतकी हसली की शेंगांनी भरलेलं सूप तिच्या मांडीवरून पडलं.

पन्नाशीनंतर फोन यायचा बंद झाला, असं ती म्हणाली. मग ती शिकवायला लागली. तिनं शिकवलेल्या मुली आता मोठ्या नट्या आहेत, पण त्यांच्या आईचं काम द्यायचं झालं तरी हिची आठवण कोणाला होत नाही. हे सांगताना ती हसत नव्हती. मला वाईट वाटलं. मी तिला त्या दिवशी तळ्यातल्या मासोळ्या आणून रांधून घातल्या.

शिबिरात तिनं सगळ्यांसमोर मला माझा एक रडण्याचा प्रवेश करायला लावला. मी केला. पोरीसोरी डोळे पुसायला लागल्या. बाई मात्र दुभाषी मुलीकरवी म्हणाली, तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, पण तू स्वतः कुठे आहेस? रडते आहेस, लपते आहेस. माझं डोकंच फिरलं. कायची लपते? हजारो माणसांसमोर उभी राहणारी बाई मी! त्या दिवशी घरी येऊन मी तिला चहा दिला तो कपबशी आपटूनच दिला.

पण माझ्या मनात ते वाक्य रुतून बसलं, कारण ते खरं होतं. मी लपवत होते. सव्वीस वर्षं लपवत होते.

ते आता सांगते. लपवून उपयोग उरलेला नाही.

मी चोविशीत होते. पहिला मुलगा दीड वर्षाचा आणि पोटात दुसरं. माझ्या मोठ्या बहिणीला, तिला मी ताई म्हणते, लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल नव्हतं. ताई आणि भाटवे, म्हणजे तिचा नवरा, तेव्हा भिलाईला राहायचे, भाटवे कारखान्यात होते. त्याच वर्षी एका मोठ्या कंपनीनं मला नायिकेचा पार्ट देऊ केला, पोस्टरवर फोटो, दिवाळीपासून तालीम. बाळंतपण दिवाळीच्या महिनाभर आधी. मी ताईकडे भिलाईला बाळंतपणाला गेले, मुलगी झाली, आणि बाराव्या दिवशी मी ती ताईच्या ओटीत घातली. गावात सांगितलं की मूल दगावलं. खरं फक्त माझ्या नवऱ्याला, सासूला, भाटव्यांना आणि आम्हा दोघींना माहीत. ते तिघंही आता नाहीत.

ओटीत घातली म्हणजे रीतसर घातली. ताईनं पदर पसरला. मी खण, नारळ, ओंजळभर तांदूळ घातले आणि वर मुलगी ठेवली. आमच्याकडे ओटी भरली की घेणारी त्यातले चार दाणे परत देते, देणारीचं घर रिकामं होऊ नये म्हणून. ताईनं मुलीच्या अंगाखालून चार दाणे काढले आणि माझ्या हातावर ठेवले. एका दाण्याला कुंकू लागलेलं होतं. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "कोणाले सांगशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील." मी हो म्हटलं. ते चार दाणे मी एका जुन्या पितळी डबीत ठेवले आणि डबी मेकअपच्या पेटीत.

ताई पुढे मुलीला घेऊन आपल्या सासरच्या गावी, कोंढ्याला परतली, तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. ती मला मावशी म्हणायची. सुट्टीत माझ्याकडे राहायला यायची, माझ्या पेटीशी खेळायची. एकदा तिनं डबी उघडून विचारलं, मावशी, हे काय? मी म्हटलं, हे दाणे हातात धरले की पार्ट विसरायला होत नाही. तिला ते पटलं. पुढे दहावीच्या, बारावीच्या, प्रत्येक परीक्षेआधी ती कोंढ्याहून एसटीनं माझ्याकडे यायची, दाणे मुठीत धरून, डोळे मिटून बसायची. मी समोर बसायचे. पाच मिनिटांनी ती दाणे मोजून परत डबीत ठेवायची. आज ती नागपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवते, लग्न झालं आहे. दरवेळी ती आली की जाताना मी तिची ओटी भरते, विधवेनं भरू नये म्हणतात ते मी ऐकत नाही, आणि ती चार दाणे परत माझ्या सुपात टाकते.

लोकांना वाटेल, बहिणीसाठी एवढा मोठा त्याग. नवऱ्यालाही तसंच वाटायचं, सासूलाही. ताईला तर वाटतंच. पण खरं ते नव्हतं. ताई नसती तरी मी ती मुलगी कोणाकडे तरी ठेवली असती. मला तो पार्ट हवा होता. हे मी ताईलाही कधी सांगितलं नाही.

आणि हे मी त्या जर्मन बाईला सांगितलं.

तिची पद्धत अशी. रोज दुपारी एकेकाला हॉलच्या मागच्या खोलीत बोलवायची, वधूपक्षाला देतात ती खोली. आत फक्त ती, दुभाषी मुलगी आणि आपण. दार लावायची, स्वतःच्या छातीवर हात ठेवायची आणि म्हणायची, या खोलीतलं या खोलीत राहील. मग आपलं खरं दुःख तिच्यासमोर मांडायचं, पार्टातलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी गप्प. ती म्हणाली, बरं, आधी मी सांगते. आणि तिनं सांगितलं. तिचा एक मुलगा होता, सात वर्षांचा. दौऱ्यावर जाताना त्यानं दारात विचारलं, कधी येशील? ती म्हणाली, उद्या. आली ती चाळीस दिवसांनी. तेव्हा त्या मुलानं दार उघडून तिला अनोळखी माणसाला करतात तसा नमस्कार केला, या, बसा, असं म्हणाला. पुढे आयुष्यभर तो तिच्याशी तसाच वागला. सांगताना ती आवाज न करता रडत होती आणि एका हातानं टेबलावरची धूळ पुसत होती. धूळ नव्हतीच.

मग मीही सांगितलं. सगळं. पार्टासाठी दिली, हेही. दुसऱ्या दिवशी पेटीतून डबी आणून दाखवली. मनात म्हटलं, ही बाई आठ दिवसांनी सात समुद्र पार जाईल, तिथे कोणाला माझं गाव माहीत, कोणाला ताई माहीत. ताईची शपथ मोडते आहे असं वाटलंच नाही. आमच्या बायका मनातलं बोलायला नदीवर जातात, नदी काही उलटून बोलत नाही. मी त्या बाईला नदी समजले. तिनं एकेक दाणा बोटानं हलवून पाहिला, कुंकवाचा दाणा जरा जास्त वेळ. मग डबी बंद करून माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. जाण्याच्या दिवशी मी तिचीही ओटी भरली. तिला रीत सांगितली, तिनं चार दाणे परत दिले. शप्पथ सांगते, त्या वर्षी मी रंगमंचावर रडले ते आयुष्यात कधी रडले नव्हते.

यंदा पावसाळ्यात दुभाषी मुलीनं मोबाईलवर लिंक पाठवली. सोबत लिहिलं होतं, ताई, मॅडमचा नवीन सिनेमा, खूप वर्षांनी मुख्य भूमिका, तिकडे बक्षीसही मिळालं, मॅडम सांगत होत्या, शेवटी आभारात तुमचं नाव आहे. तिनं स्वतः तेव्हा तो पाहिलेला नव्हता. मी तर हरखूनच गेले. अख्ख्या गावाला सांगत सुटले, आमच्या कंपनीच्या ग्रुपवर टाकला. सिनेमा जर्मनमध्ये, खाली इंग्रजी अक्षरं पळतात. मला दोन्ही येत नाहीत. मग ज्या माणसाला इंग्रजी येतं त्यालाच पाठवणार ना? मी नागपूरला ताईकडच्या माझ्या मुलीला लिंक पाठवली आणि बोलून निरोप टाकला, "बेटा, माझ्या मॅडमचा पिक्चर आहे. खाली काय लिहून राहिलं ते वाच अन् मले फोनवर सांग."

हे मीच केलं. माझ्याच हातानं.

दुपारी धुणंभांडी आटोपून मी स्वतः पाहायला बसले. बाई म्हातारी नटी झाली होती, समुद्रकाठचं गाव, घरात एकटी. पडद्यावर तिला पाहून मला आनंद झाला, ओसरीवर बसायची तशीच पाय दुमडून बसली होती. थोड्या वेळानं एक तरुण मुलगी तिच्याकडे आली. बाईनं तिला जवळ घेतलं, ती गेली, आणि मग बाईनं आरशासमोरच्या पेटीतून एक डबी काढली. डबीत तांदळाचे चार दाणे. एक दाणा लाल.

मी उठून माझी पेटी उघडली, डबी जागेवरच होती. पुढे ती एका वर्गात मुलांसमोर बोलते, हळू, आवाज न चढवता, आणि बोलताना एका हातानं टेबलावरची नसलेली धूळ पुसते. भाषा कळायची काय गरज होती? काय बोलते आहे ते मला ठाऊक होतं. मीच तिला सांगितलं होतं.

मुलीला फोन लावला. उचलला नाही. संध्याकाळपर्यंत सतरा वेळा लावला असेल. निरोपाखाली निळ्या खुणा आल्या होत्या, म्हणजे तिनं ऐकलेलं होतं.

मग दुभाषी मुलीला लावला. तिनं तोवर सिनेमा पाहिला होता आणि ती रडत होती. त्या वर्गाच्या प्रवेशात काय म्हटलं आहे ते मी तिच्याकडून काढून घेतलं. बाई म्हणते, मी माझी मुलगी बहिणीला दिली, सगळ्यांना वाटतं बहिणीसाठी, पण मी ती एका भूमिकेसाठी दिली. अक्षर न् अक्षर माझं. मी म्हटलं, तिचा मुलगा होता ना, नमस्कार करणारा, मग तिनं आपलं दुःख घ्यायचं, माझ्या घरात हात काहून घातला? दुभाषी मुलगी म्हणाली, "ताई, त्यांना मूल नाहीच. ती त्यांची एक जुनी भूमिका होती. मलाही मागच्या वर्षी कळलं. त्या प्रत्येक शिबिरात तेच सांगतात."

केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी पाहिलं. माझं खरं घेतलं आणि मला पार्ट दिला. आणि मी, तीस वर्षं रंगमंचावर घासलेली बाई, समोरची पार्ट करते आहे हे मला ओळखू आलं नाही. नसलेली धूळ पुसणारा हात पाहून मी विरघळले. मला तर त्या सिनेमापेक्षा याचाच राग जास्त आला. थू तिच्या बक्षिसावर.

दुभाषी मुलीनं तिला लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं, ते तिनं मला वाचून दाखवलं. तिला फार वाईट वाटलं होतं. आपण देश बदलला, गाव बदललं, कोणालाही ओळखू येऊ नये याची काळजी घेतली. "फक्त तांदूळ तसेच ठेवले, कारण त्याच्याइतकं खरं दुसरं काही मला सुचलं नाही." असं तिनं लिहिलं होतं. आभारातल्या माझ्या नावाबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. अख्ख्या जगात त्या चार दाण्यांवरून मला ओळखणारं एकच माणूस होतं, आणि ती डबी तेवढी तिनं ठेवली.

ताईला मीच फोन केला. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा बरं. पण तिला आधीच कळलं होतं, मुलगी कोंढ्याला जाऊन आली होती. ताई शिव्या देईल, शपथेचं काढील, म्हणून मी तयार होते. ती एवढंच म्हणाली की तू मला दान दिलं असं समजून मी एकोणतीस वर्षं तुझ्यापुढे वाकून राहिले. आणि फोन ठेवला. त्यानंतर तिनं माझा फोन उचललेला नाही.

मुलगी रविवारी सकाळच्या एसटीनं आली. मी फाट्यावर न्यायला गेले होते, ती माझ्यासोबत चालत आली. घरात आल्यावर पाणी प्याली आणि म्हणाली, पेटी दे. मी मेकअपची पेटी पुढे ठेवली. तिनं न शोधता डबी काढली, तिला जागा माहीतच होती. दाणे हातावर घेतले, मूठ मिटली आणि परीक्षेच्या आधी बसायची तशी डोळे मिटून बसली. मी समोर बसले. मला वाटलं आता रडेल, ओरडेल, मला मारेल तरी. मनातल्या मनात मी माफीची वाक्यं जुळवत होते आणि जुळवलेलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या नाटकातलं निघत होतं.

तिनं डोळे उघडले.

"पार्टासाठी देली, ते मी समजून घेतलं असतं," ती म्हणाली. "इतक्या वेळा मी इथंच बसली, तुझ्यासमोर, हेच दाणे हातात धरून. तुले सांगाले ती बाई दिसली. मी नाही दिसली."

ती बाई माझ्याशी जशी वागली तशीच मी हिच्याशी वागले होते. खरं तिचं होतं आणि मी तिला परीक्षेत पास होण्याची गोष्ट दिली होती. हे मला तिच्या तोंडाकडे पाहताना कळलं. मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं पाय मागे घेतले.

जायची वेळ झाली तशी मी सवयीनं सूप घेतलं, तांदूळ घेतले, कुंकू घेतलं. तिनं पदर पुढे केला नाही. हातातले दाणे मोजून डबीत टाकले, झाकण लावलं आणि डबी माझ्या सुपातल्या तांदळावर ठेवली.

"तुझ्या वाट्याचं तुझ्याजवळ आहे, मावशी," ती म्हणाली. "मी येतो."

ती फाट्यापर्यंत एकटीच गेली. मी दारात सूप घेऊन उभी राहिले, नागपूरची गाडी गेल्याचा आवाज आला तोवर. इतक्या वर्षांत ती माझ्या घरून कोरड्या ओटीनं गेली ती पहिली वेळ.

आता दिवाळी जवळ आली आहे. धान पिवळं पडलं आहे. परवा कंपनीवाल्याचा फोन आला, ताई, यंदा नवीन नाटक आहे, आईचाच पार्ट आहे, जबरदस्त आहे, सोमवारपासून तालीम, येता ना? मी डबीकडे पाहत होते. हो म्हटलं.